उस्तादांनी बसवलेलं स्टिअरिंग

उस्ताद कुठलाही पार्ट बसवून झाला की तो उपटून काढायचा प्रयत्न करायचे. नट आवळला, पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले, की तो पार्ट दोन्ही हातांनी धरून सगळ्या अंगाचा भार टाकत मागे ओढायचे. साठीला आलेला माणूस, उजवा गुडघा कामातून गेलेला. पार्ट जागचा हलला नाही की त्यावर एक चापटी मारायचे आणि म्हणायचे, "आता ऱ्हा इथं." हे कशाला, असं मी एकदा विचारलं. "माणसाला विचारून कळतं भाऊ. मशिनीला वडून बगावं लागतं."

दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात ते हेड मेकॅनिक होते. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. तीस वर्षं कतारमध्ये काढलेली. गॅरेजातले नेपाळी, बंगाली, केरळी सगळे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून तिथे गाडी दुरुस्तीला नेणारा मीही म्हणू लागलो. आमच्यात मराठीचं नातं होतं, पण आम्ही जवळ आलो ते एका अर्धवट गाडीमुळे.

ऑफिसातला एक गोरा सहकारी नोकरी सोडून मायदेशी निघाला. अल दुहैलच्या त्याच्या व्हिलाच्या मागे एक किट कार पडून होती. म्हणजे सुट्या भागांत, खोक्यांतून येणारी आणि आपण घरी जोडायची स्पोर्ट्स कार. तिची चौकट आणि इंजिन जोडून झालं होतं, बाकीचं खोक्यांत. त्याने ती मला देऊन टाकली. बायको आणि मुलगी मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेल्यापासून बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये माझे सुट्टीचे शुक्रवार संपता संपत नसत. ही गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घेतली. उस्तादांनी मॅनेजरकडून शेडचा एक कोपरा मागून दिला. मॅनेजरची अट एकच: गाडी हलवायची ती उस्ताद समोर असतानाच.

शुक्रवारी सकाळी गॅरेज बंद असायचं, तेव्हा आम्ही काम करायचो. दर दोन नटांनंतर उस्ताद तेलाच्या उपड्या डब्यावर बसायचे. थकलो असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "गरम हाय," एवढंच म्हणायचे. डिसेंबरात, अंगात स्वेटर असतानासुद्धा. मग गावाहून मुलाचा फोन यायचा. "बाबा, धाकट्याचं लग्न होईपर्यंत ऱ्हा. अजून एक वर्ष." स्पीकर चालू असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. उस्ताद "इन्शाल्ला" म्हणून फोन पालथा ठेवायचे आणि बराच वेळ पाना हातात घ्यायचे नाहीत. ते 'अजून एक वर्ष' मी तिथे असताना तीनदा ऐकलं.

गाडी उभी राहिली आणि एक नवीनच अडचण निघाली. मला तिच्यात बसता येईना. दरवाजे नाहीत, सीट जमिनीलगत, आणि पाय आत घालायला गेलो की माझं पोट स्टिअरिंगला अडायचं. उस्ताद पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तेव्हा. "भाऊ, पोट काढता येत नाय. स्टिअरिंग काढू." रेसच्या गाड्यांत असतं तसं, कडं मागे ओढलं की हातात निघून येणारं स्टिअरिंग त्यांनी मागवायला सांगितलं. स्टिअरिंगचं जुनं चाक काढून नवा दात्यांचा जोड दांड्यावर बसवायला त्यांना दोन शुक्रवार लागले. बसवताना ते मला सांगत होते. आधी दाते पुसायचे. वाळूचा कण नको. मग चाक सरळ आत ढकलायचं आणि कडं आपोआप पुढे येऊन बसलं का ते डोळ्यांनी बघायचं. "आवाजावर जाऊ नका. टिक् आवाज खोटा पण येतो. वडून बगा, मगच गाडी चालू."

तिसऱ्या शुक्रवारी उस्ताद जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी एकटाच होतो. बाहेरच्या अंगणात एक फेरी मारावी असं वाटलं. चाक काढून आत बसलो, पुन्हा लावलं, टिक् आवाज आला. दाते पुसले नव्हते. ओढून पाहिलं नाही. गाडी सुरू केली, शेडबाहेर काढली आणि वळायला जोर लावला तेव्हा चाक माझ्या हातात आलं. ब्रेक दाबेपर्यंत गाडी सरळ जाऊन एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या जीपच्या दरवाजात घुसली होती. कोणाला लागलं नाही. मी चाक मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.

उस्ताद परतले. जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. फडकं घेऊन दाते पुसले आणि त्यावर निघालेली वाळू मला दाखवली. तेवढंच. दुपारी मॅनेजर आला. मी तोंड उघडायच्या आत उस्ताद म्हणाले, "मैं चला रहा था." मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. मला माझ्या कंपनीची भीती वाटली, माझ्या व्हिसाची वाटली, आणि दुसरं कोणीतरी माझं ओझं उचलतंय याचं बरंही वाटलं. तो क्षण मी नंतर खूपदा आठवला आहे, आणि दर वेळी मान खालीच आहे.

पंधरा दिवसांत उस्तादांना कामावरून कमी केलं. मी त्यांना म्हणालो, "उस्ताद, मी खरं सांगून टाकतो." ते चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. "गप ऱ्हा. बोललात तर माझं काम बिगडेल." जायच्या आदल्या शुक्रवारी मुद्दाम आले, जोड पुन्हा साफ केला आणि माझ्याकडून चाक काढून-लावून घेतलं. वीस वेळा तरी. घामाने हात निसटायला लागले तरी सोडलं नाही. मग खिशातलं फडकं माझ्या हातात दिलं आणि "खलास" म्हणून कोणाला न भेटता निघून गेले.

महिनाभराने मला राहवेना. मॅनेजरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो कंटाळल्यासारखा हसला. "उस्ताद का घुटना देखा है? वो उस गाडी में बैठ सकता है?" त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग त्यांना कामावरून का काढलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, उस्तादांनीच मागितलं होतं. अपघात झाला त्याच संध्याकाळी ते एकटे त्याच्या केबिनमध्ये आले होते. म्हणाले होते, थकलो, पण घरी तसं सांगता येत नाही. माझ्या हातून नुकसान झालं म्हणून काढलं, असं पत्रावर लिहा.

पुढच्या सुट्टीत मी पुण्याहून त्यांच्या गावी गेलो. उस्ताद लुंगी नेसून पडवीत बसले होते. चेहरा भरला होता. त्यांची बायको नारळाच्या वड्या घेऊन आली. थोरला मुलगा चहाचे कप ठेवता ठेवता बोलत होता. "तीस वर्षं राबवून घेतलं, आणि कोण्या गिऱ्हाइकाच्या खेळण्यातल्या गाडीपायी बाबाला काढलं. अजून दोन-तीन वर्षं सहज झाली असती. तो माणूस भेटायला पायजे एकदा."

उस्ताद वडीचा तुकडा बोटांत धरून अंगणाकडे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. काही खुणावलंही नाही.

"तो मीच," मी म्हणालो. "ती गाडी माझी होती. चूक माझी होती. उस्तादांनी माझ्यासाठी ती स्वतःवर घेतली."

मुलगा उभा राहिला. उस्ताद तेवढंच म्हणाले, "बस खाली. पावणा हाय तो." मुलगा बसला नाही. आत निघून गेला.

एसटीच्या थांब्यापर्यंत उस्ताद पाय ओढत माझ्यासोबत आले. मध्ये दोनदा थांबले. मॅनेजरने मला काय सांगितलं ते मी बोललो नाही आणि त्यांनी विचारलं नाही. एसटी येताना दिसली तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आता हितं परत येऊ नका, भाऊ. पोरगा तापट हाय. फोन करा."

मी करतो, दर शुक्रवारी. मुलाने उचलला तर काही न बोलता ठेवून देतो.