डावीकडून तिसरं पॅनल

माझं खरं वजन नवऱ्याला माहीत आहे. ही गोष्ट मात्र त्यालाही माहीत नाही — आज पहिल्यांदाच तोंडातून निघतेय, तीही तुमच्यापाशी.

मी अकाउंटंट. सिंगापूरला, बुकित बातोक भागात राहतो आम्ही. लेकीच्या, ईराच्या शाळेनं छतावर सोलर पॅनल बसवायचं ठरवलं, पालकांकडे देणग्या मागितल्या. देणगीवर करात सूट मिळते, हे समजावायला मला उभं केलं. मग काय विचारता! मी असं काही रंगवून सांगितलं, की मंडळी तिथल्या तिथे फोन काढून बसली. कोणीतरी विचारलं, "आणि तुम्ही?"

"अहो, आम्ही तर सगळ्यात आधी दिली!" — बोलून गेले फाडकन.

दिली नव्हती हो. देणारच होते — उद्या, परवा, पगार झाला की. आळस, दुसरं काय? मग एक दिवस शाळेचा मेसेज आला: हवी तेवढी रक्कम जमली, आभार, देणग्या बंद. मी चक्क सुटकेचा निःश्वास टाकला! लाज वाटायला हवी होती ना? तीही वाटली — पण नंतर.

शेजारचे जोशीकाका मुलाकडे राहतात. इथे त्यांची कमाई नाही, म्हणून कर नाही, म्हणून सूटही नाही. तरी त्यांनी देणगी दिली. "काका, तुम्हाला यात काय मिळणार?" मी हसत विचारलं होतं. म्हणाले, "अगं, पोरांच्या डोक्यावर पंखा तर फिरेल!"

पॅनल बसली. ईरानं विचारलं, "आई, आपलं कुठलं?" आता काय सांगणार? दाखवलं बोट — डावीकडून तिसरं. झालं! तिच्या अख्ख्या वर्गाला आता ते पाठ आहे.

सकाळी माझी धावपळ, म्हणून तिला शाळेत काकाच सोडतात. काल मी सोबत होते. शाळेसमोरच्या पादचारी पुलावर दोघं थांबली — तिथून शाळेचं छत दिसतं.

"आजोबा, वेव्ह लाह! दॅट वन आईचं!" ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

काकांनी अगदी खुशीत हात हलवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "रोज करतो हं आम्ही. हिला केवढा अभिमान आहे तुझा!"

मीही हलवला हात, चांगला उंच करून, हसत.

ते पॅनल माझं नाही. असलंच कोणाचं, तर काकांचं आहे.