गाळलेलं प्रकरण

काल शेजारी चहाला गेलो, तर त्यांची छोटी मीरा सोफ्यामागे लपली. "आजोबांना कविता म्हणून दाखव ना," आई म्हणाली. पोर हलेना, तेव्हा आईनंच निकाल दिला, "घुमीच आहे हो ही, सर. तुम्ही तर मानसशास्त्र शिकवलंत. स्वभावच ना हा?"

मला संताप आला. तिचा कमी, माझाच जास्त. स्वभाव म्हणजे उंचीसारखी मोजता येणारी, ठरून गेलेली गोष्ट, असं मी आयुष्यभर वर्गात सांगितलं. माणूस कुठे आणि कोणासमोर आहे यावरही त्याचं वागणं ठरतं, हे सांगणारं प्रकरण पुस्तकात होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही म्हणून मी ते गाळत असे. आज नवे अभ्यासक तिथूनच पुढे चालले आहेत.

घरीही तेच. प्रत्येक पाहुण्याला मी माझ्या मुलीची ओळख "आमची अबोल" अशीच करून दिली. लग्नानंतर एकदा न कळवता तिच्या सासरी गेलो, तर ती नकला करून घरभर हसवत होती. मला पाहिलं आणि गप्प झाली.

कोणी दिला आम्हाला हा अधिकार? लेकरानं एक कविता म्हटली नाही, तर जन्माचा शिक्का मारायचा?

"घुमी नाही ती," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "आत्ता तिला म्हणायची नाहीये कविता, एवढंच."

आई गोरीमोरी झाली. मी दाराशी चपला घातल्या, तोच सोफ्यामागून खणखणीत आवाज आला, "आजोबा, उलट्या घातल्यात!"