फोटोपुरतं कार्ड

कोणी वाचलंच तर आधी माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

बिरवाडीजवळच्या कारखान्यात आम्ही बायका ठेकेदाराकडे केमिकलची पिंपं धुतो. एकदा आम्हाला आवारात ताडपत्रीवर बसवलं. साहेब लोक खुर्च्यांवर. विमावाल्याने प्रत्येकीच्या हातात दवाखान्याच्या विम्याचं कार्ड दिलं. "वर धरा. हसा." फोटो निघाला. लगेच ठेकेदार क्रेट घेऊन फिरला. कार्डं परत टाका, तुम्ही हरवाल, ऑफिसात जपून ठेवतो म्हणाला.

माझ्या कार्डावर मुलीचंही नाव होतं. मी बघत राहिले.

"गो, सोड की! भाकरी हाय का ती, धरून बसलीस?" ठेकेदार म्हणाला.

सगळे हसले. शेजारच्या बायकाही. मीही हसले. कार्ड क्रेटमध्ये टाकलं.

त्या महिन्यापासून पगारातून विम्याचे पैसे कापायला लागले.

मग एका सकाळी मुलीच्या पोटात कळ उठली. महाडला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटेल, ऑपरेशन आजच, डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "विमा हाय." काउंटरवरच्या बाईने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. नाव नाही. परत बघा, म्हटलं. नाही. "मावशी, पैसे भरा नाहीतर बाजूला व्हा."

विमावाल्याने फोटोच्या दिवशी नंबर दिला होता. त्याला फोन लावला.

"ठेकेदाराने हप्ता भरलाच नाही. पॉलिसी चालूच झाली नाही."

"मग आमाला सांगितलं का नाय?"

"तुम्ही माझ्या ग्राहक नाही, मावशी. ठेकेदार आहे."

फोन कट.

मुलगी बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन ओढणी चावत होती. ओरडत नव्हती. आई घाबरेल म्हणून. मी दिसेल त्याच्या पाया पडले. वॉर्डबॉयच्यासुद्धा. वाटलं, ही इथेच जाणार. माझ्या डोळ्यांसमोर, दवाखान्याच्या आत. संध्याकाळी नाते गावाहून भाऊ आला. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले सगळे पैसे घेऊन. तेव्हा तिला आत नेलं.

ती वाचली. आत पू झाला होता. थोडा उशीर झाला असता तर नसती.

काही महिन्यांनी सरकारी साहेब कारखान्यात तपासणीला आले. सकाळीच क्रेट बाहेर निघाला. ठेकेदार म्हणाला, "विचारलं तर कार्ड दाखवायचं. तोंड उघडायचं नाय."

साहेबांनी विचारलं, "विमा मिळतो ना सगळ्यांना?"

बायकांनी माना हलवल्या. मी उठले. मला दवाखान्यातलं ते बाकडं दिसत होतं.

"नाय मिळत. पैसे कापतात. कार्ड खोटं हाय. माझी पोर मरत होती."

"गो, बस खाली!" ठेकेदार ओरडला.

"बसत नाय."

साहेबांनी लेखी मागितलं. मी तिथेच अर्ज लिहिला. शेजारची हळूच म्हणाली, "माझं पण नाव घाल गो." मग तिसरी. मग सगळ्या.

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं. काम बंद. ठेकेदाराच्या भीतीने बाजारात ओळखीच्या बायका मान वळवायच्या. घरात डाळ संपली तेव्हा वाटलं, गप्प बसले असते तर. पण मुलीकडे बघितलं की तसं वाटेना.

शेवटी अर्जाची चौकशी लागली, तेव्हा ठेकेदार घरी आला. दवाखान्याचा सगळा खर्च आणि माझे कापलेले पैसे घेऊन.

"मिटलं आता. अर्ज मागे घे, उद्या कामावर ये."

"बाकीच्या बायांचं?"

"त्यांचं तुला काय करायचंय?"

मी पैसे घेतले. ते माझेच होते. त्याच दिवशी नाते गावाला जाऊन भावाचे पूर्ण फेडले. अर्ज मागे घेतला नाही. घेणार नाही.