बर्फाबाईचा आळशी

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फाबाई म्हणत. बर्फाच्या बादलीशिवाय तिला कुणी पाहिलंच नव्हतं. जंतूंनाही पोखरणारे विषाणू असतात. जंतूच्या आतून बाहेर पडताना ते एका एन्झाइमनं त्याची भिंत फोडतात. तेच एन्झाइम वेगळं काढून बर्फाबाईनं त्याचं औषध करायला घेतलं होतं. एन्झाइम कसलं, लाडावलेलं कार्टं! बर्फातून काढलं की मान टाकायचं.

जळितांच्या वॉर्डातली डॉक्टर तिची सख्खी नणंद. ती टोमणा मारायची संधी बरी सोडेल!

"वहिनी, तुझं औषध घोड्यावर बसून येतं. जखम गरम असते गं, पट्टीखाली ते तासभरही टिकत नाही. दिवसभर टिकेल असं आण, मग चाचणीत घेते."

तिच्याकडे एक म्हातारा वेल्डर यायचा. पायावरची भाजल्याची जखम वर्षानुवर्षं भरत नव्हती. अंगावरची दुसरीकडची काढून लावलेली कातडी जंतू खाऊन टाकत आणि कुठल्याच औषधाला दाद देत नसत. जखमेच्या वासापायी तो नातीला जवळ येऊ देत नसे.

"पाय गेला तरी चालेल," तो एकदा बर्फाबाईसमोरच म्हणाला, "पण पोरीला एकदा मांडीवर घेऊ द्या."

ते तिच्या जिव्हारी लागलं.

एन्झाइमचे नवनवे प्रकार ती करतच होती. निवडायची पद्धत ठरलेली: जंतूंनी गढूळ झालेल्या नळीत थेंब टाकायचा, जी नळी आधी निवळेल ती पास. रेंगाळणारे नमुने फ्रीझरच्या तळाशी. त्यातल्या एकाचं नाव तर तिनंच 'आळशी' ठेवलं होतं.

एके दिवशी आणखी एक चपळ नमुना कोमट पाण्यात गारद झाला आणि तिचं डोकंच फिरलं. आपण शर्यती लावत बसलोय, आणि हवाय दिवसभर राबणारा गडी! तिनं बर्फ बेसिनमध्ये ओतला, चपळ आणि टाकून दिलेले, सगळेच नमुने अंगाइतक्या उबदार पाण्यात दिवसभर ठेवले आणि मग जंतूंवर सोडले. चपळ मंडळींच्या नळ्या गढूळच राहिल्या. आळशीची नळी मात्र सावकाश, अगदी सावकाश निवळत गेली, आणि भिंतीवरचं घड्याळ तिच्यातून आरपार दिसायला लागलं. बर्फाबाई अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतले लोक आग लागली समजून धावत आले.

तपासण्या, परवानग्या यांत बराच काळ गेला. अखेर ती साध्या डब्यात औषध घेऊन वॉर्डात आली.

"बर्फ कुठाय?" नणंदेनं विचारलं.

"त्याला सुट्टी दिली."

ते औषध लावून वेल्डरच्या पायावर पुन्हा कातडी बसवली, आणि काही आठवड्यांनी पट्टी सुटली. नवी कातडी घट्ट धरली होती, गुलाबी. नणंदेनं ती बोटानं हलकेच दाबून पाहिली. वेल्डरनं वाकून पायाचा वास घेतला. खात्री पटेना म्हणून पुन्हा घेतला. मग दाराशी उभ्या नातीकडे बघून त्यानं हात पसरले.

पोरगी धावत आली ती थेट मांडीवर.

"अगं, हळू! पाय!" नणंद ओरडली.

बर्फाबाईनं तिचा हात धरला. "बसू दे गं. टिकेल."