आप्पाचं औषध म्हशीच्या घमेल्यात

निपाणीपासून सांबऱ्यापर्यंत पोटाच्या तक्रारीत माझ्याइतका जाणकार माणूस मिळायचा न्हाय! माझंच पोट अधूनमधून संपावर जातंय, तेवढं सोडा. चहाच्या गाड्यावर आम्ही म्हातारे जमतो. आणि म्हाताऱ्यांत किस्से पोटासारखेच तुंबतात.

त्यातला आप्पा म्हणजे तंबाखूचा व्यापारी, जैन. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा घेत न्हाय. मूळव्याधीनं बेजार. डॉक्टरनी दम दिला, "महिन्यात फरक पडला न्हाय, तर ऑपरेशन!" आप्पा पांढराफटक.

*

डॉक्टर म्हणाले, "अंजीर खा."

"आमच्यात चालत न्हाय."

"मग दुसरी फळं खा. फायबर पोटात गेलं पाहिजे."

आप्पानं नवा मिक्सर आणला. रोज मोसंबीचा रस, तोही गाळून! चोथा म्हशीच्या घमेल्यात. काही दिवसांनी आप्पा होता तसाच, म्हैस मात्र टकाटक.

डॉक्टरनी कपाळाला हात लावला. "औषध म्हशीला घालताय, आणि तक्रार माझ्याकडं आणताय?"

ही बातमी गाड्यावर मीच फोडली. आप्पा दिसला की विचारायचो, "म्हैस कशी हाय रं?"

*

आप्पा ईर्षेला पेटला. मीबी तेल ओतलं, "चोथाच पाहिजे, तर कसर कशाला?" पपई, सालीसकट चिकू, मोसंबीच्या अख्ख्या फोडी. पोटाचा नगारा झाला!

"पाणी किती पिता?" डॉक्टरनी विचारलं.

दिवसभर दुकानात विसरायचा, आठवण यायची तेव्हा सूर्य मावळलेला! डॉक्टरनी तांब्या पुढं सरकवला आणि कानडीत ओरडले, "नीर कुडीरी! पाणी प्या! पाण्याशिवाय फायबर उलट तुंबतंय!"

तेव्हापासून उजेड असेपर्यंत आप्पाच्या हातात तांब्या. सकाळी सकाळी तांब्या बघून लोक वाट मोकळी करून द्यायचे. आप्पा ओरडायचा, "अरं, प्यायचा हाय! प्यायचा!"

*

महिना भरला. त्याच दवाखान्यात मी तोंडाला टॉवेल गुंडाळून गेलतो. माझा संप या खेपेला लईच लांबला होता. तेवढ्यात आतून आप्पा आला. चेहरा फुललेला.

"ऑपरेशन रद्द!" म्हणाला. मग टॉवेल खाली ओढून, "तू का रं इथं?"

"मी व्हय? तुझीच चौकशी करायला आलतो."

आप्पानं तांब्या माझ्या हातात दिला. "असू दे, असू दे. म्हशीला सांगतो, थोडा चोथा तुझ्यासाठी ठेव म्हणून."