भैरवीनंतर बुवा गायले नाहीत

चिमणाबाईंच्या गच्चीवरच्या चादरीवर निम्म्याच कुरडया पडल्या होत्या, गव्हाचा चीक अजून पातेल्यात वाफाळत होता, तेवढ्यात खालून हाक आली. सोऱ्या हातात तसाच धरून त्या जिना उतरल्या. दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या.

"पावणं कुठलं म्हणायचं?"

"गडहिंग्लजची मी, आक्काताई. बुवांची थोरली लेक. त्या दिवशी त्यांच्या मागं तंबोऱ्यावर मीच हुते."

कुठल्या दिवशी, हे चिमणाबाईंनी विचारलं नाही. सोऱ्या पायरीवर ठेवला आणि पाट मांडला.

त्र्याण्णव सालची दत्तजयंती. पेठेतल्या दत्ताच्या देवळात गडहिंग्लजच्या बुवांचं गाणं ठरलं होतं. त्याआधी देवापुढं एक अभंग म्हणायचा मान बायकांच्या भजनी मंडळाचा, आणि मंडळात गळा म्हणावा तो चिमणाबाईंचा. रोज पहाटे देवाला उठवताना त्या म्हणायच्या, तोच अभंग त्यांनी म्हटला. त्याची चाल भैरवीतली आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भैरवीनं मैफल संपते, तिच्यामागून कुणी गात नाही, ही गाणाऱ्यांची रीतही ठाऊक नव्हती. बुवा माईकपाशी आले, हात जोडून म्हणाले, "या माउलीनं भैरवी गायली. आता माझं गाणं उरलं नाही." तंबोऱ्यावर गवसणी चढली. लोक प्रसाद घेऊन आपापल्या घरी गेले.

बुवांचं ते वाक्य मात्र गावभर फिरत राहिलं. चिमणाबाईंचे यजमान कृष्णातराव तालमीच्या कट्ट्यावर सांगायचे, "आमच्या मंडळींनी बुवांस्नी गप बसवलं की!" मंडळात पेटी वाजवणारे आण्णा मात्र देवळातच चारचौघींत फटकारून गेले होते, "पंगत बसायच्या आधीच विडा वाटलास की गं! एवढ्या मोठ्या माणसाला तसंच परत धाडलंस."

चिमणाबाईंना पटलं ते आण्णांचं. देवाच्या दारात आलेला गुणी माणूस आपल्यामुळं न गाता गेला, हे त्यांच्या मनातून जाईना. तोंडानं देवाचं नाव घ्यायच्या, टाळ धरायच्या, पण सूर लावायचा सोडला तो सोडलाच. घरची पेटीही माळ्यावर गेली. अकरा वर्षं.

आक्काताईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "परवा बुवांचं वर्षश्राद्ध झालं. तिथं एकानं भाषणात सांगितलं, बुवा एका बाईचं गाणं ऐकून म्हणं दिपून गेलं. दुसरा म्हणाला, छे, रागानं उठलं. मला बसवंना. म्हटलं, त्या बाईला तरी खरं कळूदे."

"काय खरं?"

"त्यांचा घसा बसलाता. अंगात ताप. एस्टीत म्हणत हुते, आज सूर लागायचा न्हाय आन् देवाला न्हाय म्हणवत न्हाय. तुमी भैरवी म्हटलीसा, तसा त्यांनी माझा हात दाबला. सुटलो, म्हणाले."

वर चीक गार होत असेल, याची चिमणाबाईंना आठवणही राहिली नाही.

"म्हंजे माझं गाणं त्यांना आवडलंबी न्हाय, आन् खुपलंबी न्हाय. त्यात मी नव्हतेच की."

"तसंच म्हणायचं. सुटका झाली म्हणून हात जोडलं त्यांनी."

"मग नंतर सांगायचं तरी! अकरा वर्षं गाणं टाकलं मी."

"लोक तुमची वाहवा करत्यात, एवढंच आमच्या कानावर हुतं. तुमी गाणं टाकलं, हे कुठं ठावं? बुवांस्नी कळलं असतं तर चालत आलं असतं तुमच्या दारात."

बुवा आता नव्हते. भांडावं तर कुणाशी? चिमणाबाईंनी देवघराकडं पाहिलं आणि बसल्या जागी अभंगाचा पहिला चरण उचलला. वरच्या सुरावर आवाज फाटला. पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. आक्काताईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"बिघडलाय," चिमणाबाई म्हणाल्या. "पन हाय."

आक्काताईंना चहा देऊन त्यांनी एस्टीपर्यंत सोबत केली. परत आल्या, माळ्यावरून पेटी खाली काढली. भाता उंदरांनी कुरतडला होता. पेटी फडक्यात बांधून त्या भाता बदलून आणायला मंगळवार पेठेत निघाल्या.