पिंजऱ्यातली हळद

"आज हळद कोणाला?" प्राणीगृहाचं कुलूप काढता काढता मावशी रोज सकाळी विचारायच्या आणि पिवळी झालेली बोटं पदराला पुसायच्या. पुसून काही ती जात नसत. उंदरांच्या अंगावर खुणा करायला आम्ही पिक्रिक अ‍ॅसिड वापरायचो. त्याचा पिवळा रंग पांढऱ्या केसांवर छान उठतो आणि माणसाच्या कातडीवरही दिवसचे दिवस टिकतो. खूण पडलेला उंदीर प्रयोगाला जायचा आणि परत यायचा नाही. म्हणून मावशींच्या भाषेत ती हळद. "लागली हळद, आता चालली सासरी," असं म्हणत त्या पिंजरा उचलायच्या. आम्ही हसायचो.

नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी तेव्हा शिकवत होते आणि पीएच.डी. करत होते. मावशी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होत्या. आमचे गाईड सर सही करायचे, की त्यांचे पुढचे अकरा महिने पक्के. चांदवडकडचं सासर सोडून त्या पंचवटीत एका खोलीत एकट्या राहत. सासरचं नाव काढलं की विषय बदलायच्या. एकदाच बोलल्या, "ही नोकरी हाय तवर मला त्या घरात जायचं कारण नाय." तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल. तिला सगळ्यांचं सगळं माहीत असतं आणि तिचं काय चाललंय हे विचारायला कोणाला फुरसत नसते.

तपासणीची कमिटी यायची होती, त्याच दिवशी एक उंदीर निसटला. मावशींनी त्याला कपाटामागून ओढून काढला आणि पिंजऱ्यात टाकला. फरशीवर थेंब पडले तेव्हा मला कळलं, तो त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावला होता.

"मावशी, रक्त!"

"असू द्या. धावपळीत दुखत नाय, मॅडम. बसल्यावर दुखतं."

कमिटी गेली. मावशी पायरीवर बसल्या आणि अंगठा धरून अक्षरशः रडल्या. मी मलम लावता लावता मास्तरकी केली. भीतीनं शरीर स्वतःच वेदना मारणारं औषध तयार करतं, माझी पीएच.डी. त्यावरच आहे, वगैरे. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "यासाठी एवढे उंदीर मारता? मला विचारायचं की."

प्रयोग असा होता. उंदराला तीन मिनिटं गार पाण्यात पोहायला लावायचं आणि मग तापलेल्या प्लेटवर ठेवायचं. एरवी तो लगेच पाय चाटतो. पोहून घाबरलेला उंदीर मात्र बराच वेळ शांत उभा राहतो, कारण त्याला चटका कमी जाणवतो. शरीराचं ते घरचं औषध अडवणारं एक इंजेक्शन आधी दिलं, तर पोहूनही फायदा नाही, तो पुन्हा लगेच पाय चाटतो. मावशी खुणा करायच्या. डोक्यावर पिवळं म्हणजे नुसतं पाणी टोचलेला, पाठीवर पिवळं म्हणजे ते अडवणारं औषध टोचलेला.

जानेवारीत नर कमी पडले. "बाया चालतील का?" मावशींनी विचारलं. नरांना त्या बाप्ये म्हणायच्या. मी म्हटलं, "चालतील. उंदीर तो उंदीर." मीही बाईच, तरी एवढंच सुचलं.

तिसऱ्या दिवशी मावशी प्लेटपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, पाठीवर हळद असलेले बाप्ये लगेच पाय चाटत्यात. बाया नाय. औषध टोचूनबी त्यांना दुखंना." मी आकडे पाहिले. अगदी तसंच होतं. दोन दिवस मी पुन्हा सगळं करून पाहिलं, तरी तेच. इंजेक्शन प्रत्येकाला मी माझ्या हातानं, खूण बघूनच दिलेलं होतं.

सरांनी कागद लांब सरकवला. "माद्यांनी आकडे विस्कटतात, म्हणून आपण त्या घेतच नाही. काढून टाका." पण रजिस्टरमध्ये नोंद झाली होती, आणि रजिस्टरमधले उंदीर उगाच गाळता येत नाहीत, कारण द्यावं लागतं. सरांनी रजिस्टर उघडून खुणांचा रकाना पाहिला. "त्या बाईच्या खुणा चुकल्या असतील ना?"

मी म्हटलं, "असतील."

हा एकच शब्द. मला पीएच.डी. संपवायची होती, सरांशी वाकडं घ्यायचं नव्हतं, आणि खुणा चुकल्या नव्हत्या हे मला पक्कं ठाऊक होतं.

कबुलीजबाबाचा मजकूर मीच लिहून दिला. माझं अक्षर चांगलं आहे. मावशींनी ओळीवर बोट ठेवून तो सावकाश वाचला. "डोकं म्हंजे पाणी, पाठ म्हंजे औषध. मी चुकले नाय, मॅडम. तुम्हाला म्हाईत हाय." मी म्हटलं, नुसती सही करा, प्रकरण मिटेल. माझं तोंड बघत त्यांनी सही केली. कागद धरला होता तिथे त्यांचा पिवळा अंगठा उमटला. मला राहवलं नाही, मी मूर्खासारखं विचारलं, "वाईट वाटलं का?"

"अजून नाय," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन बसल्यावर कळंल."

पुढच्या अकरा महिन्यांवर सही झालीच नाही. फक्त नरांवरचा माझा प्रबंध मंजूर झाला, शाल-नारळही मिळाला. दोनेक वर्षांनी वाचता वाचता कळलं, की हे इतरांनाही दिसलेलं आहे. माद्यांच्या शरीरात वेदना मारण्याची वाट निराळी असू शकते, आणि आमचं ते इंजेक्शन ती वाट अडवू शकत नाही. म्हणजे आमच्या प्राणीगृहात हे सगळ्यात आधी चौथी शिकलेल्या बाईनं पाहिलं होतं आणि मी तिच्याकडून ती चूक असल्याचं लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचवटीत त्यांची खोली शोधत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई निवडायची मेथी घेऊन बाहेर आली.

"त्या होय? नोकरी गेली ना त्यांची. मग काय करतील? गेल्या सासरी."

मी तिथेच पायरीवर बसले. आणि मग दुखायला लागलं.